सासर न मानवलेली सून

कोपरगाव,
१८ जुलै २०२४

चि. सौ. यामिनीस,

अनेक आशीर्वाद, आणि वर चार जास्तीचे. आजारी माणसाला लागतात.

पत्र पाहून हसू नकोस. सगळं आयुष्य साखर कारखान्यात पाक उकळणाऱ्या पॅनजवळ गेलं, तिथल्या आवाजानं कान खाल्ले. तुझा फोन आला की मी नुसती मान डोलावतो आणि नंतर तुझ्या सासूला विचारतो की पोरगी काय म्हणाली. ती तिला हवं तेवढंच सांगते. म्हणून म्हटलं, सरळ लिहावं. तूही लिही. मोबाईलवरची ती बारीक अक्षरं मला पाठवू नकोस, चष्मा लावून-काढून जीव जातो.

आषाढासाठी नवी सून माहेरी श्रीगोंद्याला गेली, असं इथं सगळ्यांना सांगितलं आहे. खरं काय ते आपल्याला ठाऊक. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच तुझ्या अंगावर गांधी उठायला लागल्या, त्या थांबायचं नाव घेईनात. ज्या दिवशी ओठ आणि डोळा सुजला त्या दिवशी तर तुझ्या सासूनं देव पाण्यात ठेवायचेच बाकी ठेवले होते. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी आहे, कशाची ते घरात शोधा. ते काम मी अंगावर घेतलं. मी मुळात कारखान्याच्या प्रयोगशाळेतला माणूस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग दोष कुठे ते आपोआप कळतं.

तू असताना शेंगदाणे, वांगी, उदबत्ती, कपड्यांची पावडर एवढं बंद करून झालं होतं. आता तू नाहीस तोवर मोठी कामं उरकतो आहे. कापसाच्या जुन्या गाद्या देऊन टाकल्या. चिमी मांजरीला छगन दूधवाल्याच्या वस्तीवर पोचवलं. तो दुसऱ्या दिवशी दूध घालायला आला त्याच्या आधी ती इथं ओट्यावर हजर! छगनचं म्हणणं पडलं की मांजर लई इमानी हाय, राहू द्या. मी ऐकलं नाही, पुन्हा पाठवली. या वेळी पाथर्डीकडे, त्याच्या मेहुण्याकडे. तिथून काही ती एसटीनं येत नाही.

तिकडे तुझी तब्येत छान असल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, म्हणजे दोष आमच्याच घरात आहे. तो सापडेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही. तू निर्धास्त राहा, भरपूर झोप, तुझ्या वडिलांशी, नानांशी, पत्ते खेळ आणि हरव त्यांना.

बाकी क्षेम. लोभ आहेच, वाढवलास तर आमची ना नाही.

तुझा,
विष्णुपंत (बाबा)

*

श्रीगोंदा,
२५ जुलै २०२४

तीर्थस्वरूप बाबांना,

यामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि इथं घरात एकच गर्दी झाली. पोस्टमनकाकांना वाटलं कोर्टाची नोटीस असेल, नानांना वाटलं पेन्शनचं काही असेल. माझ्या नावाचं निघाल्यावर मी ते गच्चीवर नेऊन वाचलं. लग्नात तुम्ही माझ्याशी एकूण दोन वाक्यं बोलला होतात. एवढं हसवणारं लिहिता हे माहीत असतं तर मी आधीच रुसून माहेरी आले असते.

चिमीचं वाचून मात्र चैन पडेना. बाबा, तिला आणा ना परत. ती माझ्या अंगाला कधी चिकटलीही नाही, ती तर तुमच्याच पायाशी झोपायची.

मी इथं ठीक आहे. जेवते, झोपते. नानांना तीन डाव हरवलं, चौथ्याला त्यांनी पत्ते लपवले. मामाच्या बागेतली लिंबं भरपूर आली आहेत. आईंना लोणचं पाठवीन म्हणते, त्यांना गोड आवडतं की तिखट तेवढं कळवा. मंगळागौर तेरा ऑगस्टच्या मंगळवारी इथंच करायची ठरली आहे. आईंनी यायलाच हवं असं माझी आई म्हणते.

घरातलं आणखी काही काढू नका, एवढी विनंती. थोडं थांबा.

सौ. आईंना नमस्कार. माझ्यावरची माया अशीच असू द्यावी.

तुमची,
यामिनी

*

श्रीगोंदा,
२५ जुलै, तिसरा प्रहर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला तर आई दाराशी उभी असते. मेसेज पाठवावा तर तुझा मोबाईल कायम राजनंदिनीच्या हातात. गेल्या वेळी मी तुला गुपित लिहिलं आणि तुझ्या लेकीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं! तेव्हा हे वाच आणि फाड.

ताई, मला इथंही उठतात गं.

आल्यावर पहिले आठ दिवस अंग अगदी साफ होतं. आई हरखून गेली. तिनं कोपरगावला फोन करून सांगितलं, शेजारी सांगितलं, देवळात सांगितलं की लेकीला सासरची हवा मानवत नाही, माहेरी बघा कशी टवटवीत झाली. नवव्या दिवशी पहाटे पोटावर, पाठीवर, मांड्यांवर लाल लाल गांधी. तेव्हापासून रोज. कधी हात, कधी मान. तासा-दोन तासांत एक जागा निवळते, दुसरी उठते. आग आग होते. आई आमसुलं भिजवून चोळते आणि चोळता चोळता मला बजावते की सासरी कळवायचं नाही.

तिचंही अगदी चूक नाही. तिचं म्हणणं असं, की दोष त्यांच्या घरात असेल तर ते तुझी काळजी घेतील. दोष तुझ्यात आहे म्हटलं की विचारतील, आजारी मुलगी गळ्यात मारली का. मी म्हटलं, ती माणसं तशी नाहीत. तर म्हणाली, सगळी माणसं कळेपर्यंत तशी नसतात. सुहास गेल्या रविवारी कोपरगावहून मला भेटायला आला, तर नेमकं त्या दिवशी अंग स्वच्छ! मग मीही गप्प बसले. आता कोणत्या तोंडानं सांगू?

आणि तिकडे बाबा माझ्यासाठी घर रिकामं करताहेत. मला त्या घरी जायचं आहे ताई. मला ते घर आवडतं, ती माणसं आवडतात. पण मी खरं सांगितलं तर मी कायमची रोगट सून, नाही सांगितलं तर कायमची माहेरवाशीण. काय करू ते तू सांग.

भाऊजींना नमस्कार, राजनंदिनीला एक धपाटा. तुझा लोभ मला हवाच आहे, आत्ता जरा जास्तच.

तुझी,
यामू

*

कोपरगाव,
७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. यामिनीस,

आशीर्वाद. लोणचं पोचलं. तुझ्या सासूनं तिखट म्हणून नाक मुरडलं आणि अर्धी बरणी संपवली.

तू थांबा म्हणालीस, पण मला थांबवेना. दारावरची मधुमालती परवा तोडली. फुलांचे कण, म्हणून. सुहासच्या बारशाला लावलेला वेल. तुझी सासू त्या दिवशी संध्याकाळी दारात बसायची ती बसली नाही.

मी खूप विचार केला आणि मला वाटतं मला सापडलं आहे. तुला त्रास सुरू झाला तो ऐन गाळपाच्या हंगामात. कारखान्याच्या धुराड्याची काजळी इकडच्या घरांवर पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके तूही पाहिले आहेस. गाळप थांबलं तरी ती काजळी कौलांत, फटींत, कपाटामागे राहते. ती कितीही झाडली तरी जात नाही. ज्या कारखान्यानं मला घास दिला, घर दिलं, सुहासचं शिक्षण केलं, त्याचीच राख माझ्या सुनेच्या अंगावर उठावी! दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मनाला फार लागलं गं.

तेव्हा असं ठरवलं आहे. घरातलं सगळं काढून झालं, आता घरच उरलं. सुहासला पुण्याच्या एका क्लासमधून शिकवायला बोलावणं आलं आहे. त्याला इथलं कनिष्ठ महाविद्यालय सोडायचं नाही, पण मी त्याला सांगितलं की बायकोपेक्षा नोकरी मोठी नाही. महिनाअखेर त्यानं होकार कळवायचा आहे. तुम्ही दोघं पुण्यात बिऱ्हाड करा. सणावारी आम्ही तुमच्याकडे येऊ. तुला इथं पाऊल टाकावं लागणार नाही.

हे लिहिताना मी रागावलेलो नाही, तुला परकंही करत नाही, हे नीट लक्षात घे. मंगळागौरीला मी येत नाही, बायकांत माझं काय काम. तुझी सासू पण येणार नाही, तिचे गुडघे धरले आहेत. असं ती म्हणते.

कळावे. लोभ लांबून केला तरी कमी होत नाही, असा अनुभव घेऊन पाहू.

बाबा

*

अहिल्यानगर,
१६ ऑगस्ट २०२४

चि. यामूस,

आशीर्वाद. धपाटा पोचवला, परत आला, आता मी तो तुला देणार आहे.

मंगळागौरीला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. फुगडीला हात धरला तर तुझे पंजे पुरीसारखे फुगलेले. रात्री गाणी म्हणताना तुझा आवाज बसला आणि ओठ एका बाजूनं वर आला. आईनं लगेच सगळ्यांना सांगितलं की पत्रीतला कुठलासा पाला लागला. मग घराघरातल्या बायका सोळा प्रकारची पानं उलटीपालटी करून बघायला लागल्या, कण्हेर की आघाडा यावर वाद झाला, आणि तू मात्र कोपऱ्यात पदराखाली पाठ खाजवत बसली होतीस. मला हसू आलं आणि त्याच वेळी आईचा इतका राग आला की मी वाटली डाळ तशीच टाकून उठले.

तू तुझ्या सासऱ्यांचं सात तारखेचं पत्र मला दाखवलंस ते बरं केलंस. यामू, तो माणूस तुझ्यासाठी आपला एकुलता मुलगा घराबाहेर काढतो आहे. आणि तू गप्प! तुला वाटतं तू स्वतःची अब्रू राखते आहेस. अगं, त्यांचं घर मोडतंय. सुहास तिकडे मनाविरुद्ध पुण्याला हो म्हणेल आणि पुण्यात पहिल्याच आठवड्यात तुला गांधी उठतील, तेव्हा काय सांगशील? पुण्याची हवा मानवत नाही?

माझ्या शाळेतल्या एका मॅडमना असंच होत होतं. इथल्या त्वचारोगाच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे त्यांना गुण आला. गुरुवारची वेळ घेतली आहे. बुधवारी सकाळच्या एसटीनं निघ. आईला मी बघून घेते. आणि तपासणीत काय निघेल ते निघो, ते कळल्यावर पहिलं पत्र कोपरगावला जाईल. मी नाही लिहिणार, तू लिहायचं. सासर तुझं आहे.

चिडून लिहिलं तरी माया तेवढीच आहे. धाकट्यांनी ती समजून घ्यावी.

तुझी,
देवश्रीताई

*

अहिल्यानगर,
२६ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप बाबांना,

यामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. आज विनंती खरंच विशेष आहे. हे पत्र आधी सगळं वाचा, मग रागवा.

बाबा, मला श्रीगोंद्यालाही गांधी उठतात. पहिले आठ दिवस नव्हत्या, मग रोज. माझ्या आईनं सांगितलं ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. मला भीती वाटली. आजारी मुलगी दिली म्हणाल, अशी. तुम्ही तसं म्हणणारे नाही हे चिमीच्या पत्रातच कळलं होतं, तरी धीर झाला नाही. तुम्ही वेल तोडलात तेव्हा तर आता सांगणं आणखी कठीण झालं असं वाटून मी आणखी गप्प बसले. तुमच्या काजळीचं वाचून मात्र मी ढसाढसा रडले. तुमच्या कारखान्याचा काही दोष नाही. घराचा नाही, वेलाचा नाही, मांजराचा तर मुळीच नाही.

गुरुवारी ताईनं मला इथल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. एक गांध किती वेळ टिकते, मागे डाग राहतो का, घरात कुणाला थायरॉईड आहे का, असं त्यांनी बारकाईनं विचारलं. थायरॉईड माझ्या आत्याला होता. रक्त तपासलं. त्यात आयजीई भरपूर निघाली, म्हणजे ॲलर्जीची प्रतिद्रव्यं. आणि थायरॉईडच्या विरुद्धची प्रतिद्रव्यंही निघाली.

मग त्यांनी समजावलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते, तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. आपल्या कातडीत काही पेशी असतात, त्यांच्या अंगावर ही आयजीई चिकटून बसलेली असते. नेहमीच्या ॲलर्जीत ती बाहेरच्या एखाद्या वस्तूसाठी टपलेली असते. धूळ म्हणा, शेंगदाणा म्हणा. ती वस्तू आली की पेशी आतला माल बाहेर सोडते आणि गांध उठते. पण काही माणसांत ही आयजीई आपल्याच शरीरातल्या एखाद्या प्रथिनावर तयार होते. थायरॉईडमधलं एक प्रथिन असं सापडलं आहे. ते बाहेरून यायला नको, अंगातच आहे. त्यामुळे काय खाल्लं, कुठं झोपलं याचा हिशेब लागतच नाही. कधी आठ दिवस काही नाही, कधी रोज. माझ्या बाबतीत ती नेमकी कशावर आहे हे साध्या लॅबमध्ये कळत नाही, हा अंदाज आहे, असंही त्या स्पष्ट म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसांना अंगभर पाण्याचे फोड येतात त्या एका आजारात, आणि ल्युपस नावाच्या आजारातही असली उलटलेली प्रतिद्रव्यं सापडली आहेत. शोध चालू आहेत.

संसर्ग नाही. जिवाला सहसा धोका नाही. गोळ्या त्यांनी वाढवून दिल्या आहेत, आता दिवसाला चार. पुरल्या नाहीत तर महिन्याला एक इंजेक्शन, ते या आयजीईलाच धरून ठेवतं. पुष्कळ लोकांचं काही वर्षांत आपोआप शमतं म्हणाल्या. पण त्याला वेळ लागेल आणि मी आजारी आहे हे खरं आहे. कुठल्याही घरात असले तरी आहे.

सुहासला काल रात्री फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबांना तूच लिही. तेव्हा लिहिलं. पुण्याला हो म्हणायचं की नाही हे आता तुम्ही सगळे ठरवा. मला कोपरगावला यायचं आहे. ये म्हणालात तरच येईन.

आईंच्या वेलाबद्दल मी काय लिहू? त्यांच्यापुढे माझं तोंड नाही.

लोभ असावा, हे आज नुसतं रीत म्हणून लिहीत नाही.

यामिनी

*

कोपरगाव,
३१ ऑगस्ट २०२४

चि. सौ. यामिनीस,

आशीर्वाद मागून देतो, आधी रागावतो. तू सांगितलंस तसं, सगळं वाचून झाल्यावर.

कुठल्याही तपासणीत नमुना घालायच्या आधी नुसत्या पाण्याची एक तपासणी करतात. तिला आम्ही ब्लँक म्हणतो. ब्लँक चुकला की पुढचे सगळे आकडे मातीत. माझ्या प्रयोगाचा ब्लँक म्हणजे तुझं माहेर होतं, आणि तू त्यात धडधडीत खोटं लिहून पाठवलंस! माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला गेटाबाहेर उभं केलं असतं. दिवसभरात पत्र चार वेळा वाचलं.

चौथ्या वाचनाला लक्षात आलं की गाढव मीही आहे. तिकडे उठतात का, हे मी तुला सरळ एकदाही विचारलं नाही. विहीणबाई म्हणाल्या ते खरं धरलं, कारण मला दोष आमच्यात सापडायला हवा होता. का कोण जाणे. आपल्या घरात दोष असला की निदान तो काढता येतो, असं वाटलं असेल.

तुझ्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला एका वाचनात कळलं. पॅनमध्ये पाक उकळताना आम्ही बारीक साखरेचं बी सोडतो, त्यावर दाणा मोठा करतो. पण पाक फार घट्ट झाला की कुणी काही न सोडता आतल्या आत भलताच दाणा धरतो. त्याला खोटा दाणा म्हणतात. नवा माणूस हमखास बी सोडणाऱ्याला शिव्या घालतो. मी नव्या पोरांवर ओरडायचो की बाहेर काय बघता, पाक बघा, तोच ताळ्यावर आणा. आणि घरी सहा महिने मी बाहेरच बघत बसलो, मांजर पाहिलं, वेल पाहिला, पाक काही पाहिला नाही. यावरून माणसानं स्वतःच्या आत डोकावावं वगैरे प्रवचन करता येईल. ते मी करणार नाही. गांधी या गांधीच, त्यात वेदान्त नको.

सुहासनं पुण्याला नाही कळवलं. कळवताना शीळ घालत होता. गणपतीच्या आधी तो तुला न्यायला येईल. 'ये म्हणालात तरच येईन' असं पुन्हा लिहू नकोस. आपल्या घरी येताना कुणी विचारत नाही.

कारखान्याच्या धुराड्याकडे आज पुन्हा नीट बघितलं. फार बरं वाटलं.

आता आशीर्वाद. अनेक, उत्तम, आणि लोभासकट.

बाबा

यांच्या पत्राखाली थोडी जागा होती म्हणून मी लिहिते. यामिनी, गुडघे दुखत नव्हते. वेल तोडल्याचा राग मला तुझ्यावर काढायचा नव्हता, म्हणून मंगळागौरीला आले नाही. आता तो राग उरला नाही. वेल गेला तो गेला. तुझ्या आईला मी एका शब्दानं बोलणार नाही. मुलीसाठी आई खोटं बोलली याचं मला नवल वाटत नाही, मीही बोलले असते. मला राग याचा आहे की अंगाची आग होत असताना तू आम्हाला बरं वाटावं म्हणून ठीक आहे असं लिहीत राहिलीस. पुन्हा असं करायचं नाही. गौरी दहा तारखेला येताहेत, त्या उभ्या करायला मला दोन हात हवेत. सुजलेले असले तरी चालतील. हळदीकुंकवाला बायका विचारतील त्यांना काय सांगायचं ते मी बघते. विजया

*

कोपरगाव,
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आता फोनवर बोलायला काही अडचण नाही, तरी लिहिते आहे. बाबांची सवय लागली. ते आतल्या खोलीत बसून मी बाहेरच्या खोलीत असताना मला चिठ्ठ्या पाठवतात.

गौरींची गंमत तुला अर्धीच सांगितली होती. हळदीकुंकवाच्या दिवशी नेमका माझा चेहरा सुजला, डावा डोळा मिटलेला. मी आतच बसते म्हटलं. सासूबाईंनी मला हाताला धरून बाहेर आणलं, गौरींच्या शेजारी बसवलं आणि आलेल्या प्रत्येकीला स्वतःहून सांगितलं की ही आमची यामिनी, हिला अंगावर उठतं, ते तिच्याच रक्तातल्या प्रतिद्रव्यांनी उठतं, लागट नाही, इथलं नाही आणि माहेरचंही नाही, डाळ घ्या. शेजारच्या आक्काबाई म्हणाल्या की घोंगडीनं खसाखसा घासा, आमच्यात तेच करतात. सासूबाई म्हणाल्या की आधी तुमचे गुडघे घासून बघू, मग हिचं अंग! आक्काबाईंनी एक वाटी डाळ जास्त घेतली आणि रागावल्याही नाहीत.

चार गोळ्यांनी निम्मा फरक पडला, पुरता नाही, म्हणून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिलं इंजेक्शन घेतलं. तेव्हा बाबा हट्टानं बरोबर आले. त्यांना डॉक्टरांचं ऐकू येईना, तेव्हा बिचाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून दिली. बाहेर रांग वाढत होती आणि आत हे दोघं आयजीईवर चिठ्ठ्या लिहीत बसलेले! डॉक्टर म्हणाल्या की कुणाला आठवड्यात गुण येतो, कुणाला महिने लागतात, औषध थांबवलं की परतही येऊ शकतं. बाबांना हे पटलं. जो डॉक्टर हमखास बरं करतो म्हणतो त्याच्यावर त्यांचा विश्वास नसतो.

ऑक्टोबरात दुसरं झालं, नंतर तिसरं. हळूहळू रोजचं दोन-तीन दिवसांनी झालं. दिवाळीला श्रीगोंद्याला आले तेव्हा तू पाहिलंसच. आईनं माझ्या सासूबाईंना फोनवर चाचरत काही बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी मध्येच अनारशांचं विचारलं. जाळी का पडत नाही, म्हणे. आई अर्धा तास जाळीवर बोलली आणि फोन ठेवून डोळे पुसत बसली.

पण ताई, आज जे झालं ते सांगायला हे पत्र.

या घरात आल्यापासून मला कुणी मोठ्यानं बोललेलं नाही. आधी नवी होते म्हणून, मग आजारी म्हणून. सासूबाई माझ्याशी पाहुणीशी बोलावं तसं जपून बोलायच्या. भाजीत मीठ जास्त पडलं तरी छान झाली म्हणायच्या आणि गुपचूप पाणी प्यायच्या. मला ते कळायचं आणि जीव तुटायचा. आज सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं आणि दारात छगनशी बोलत राहिले. चिमी परत येईल का, हे विचारत होते. तर तो म्हणाला की ती आता त्याच्या मेव्हन्याच्या घरात पिल्लं घालून बसलीय, तिला तिथं लई मानवलंय, आता न्हाई यायची. आम्ही हसत होतो आणि तिकडे सगळं दूध उतू गेलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून अशा कडाडल्या म्हणून सांगू! वर्ष होत आलं सासरी येऊन, अजून गॅस बारीक करायचं कळत नाही का, लक्ष कुठं असतं, माहेरी काय म्हशी बांधल्या होत्या का दारात, साय धरायला ठेवलेलं सगळं दूध गेलं, आता दुपारच्या चहाला काय घालू! बाबांना आतल्या खोलीत ऐकू गेलं, म्हणजे बघ. ते दारात येऊन उभे राहिले.

मग सासूबाई एकदम थांबल्या. जीभ चावली. माझ्या हातांकडे पाहिलं, मानेकडे पाहिलं. मीही पाहिलं. काही नव्हतं गं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून मी अंगाकडे पाहिलंच नव्हतं. कालही पाहिल्याचं आठवेना. नऊ महिने रोज डोळे उघडले की मी आधी हात बघत होते, आणि आज विसरले होते.

सासूबाईंनी एक श्वास घेतला, आणि मला वाटलं आता सॉरी म्हणतील. तर त्या म्हणाल्या, अशी खांबासारखी उभी काय राहिलीस, फडकं घे आणि ओटा पूस.

मी ओटा पुसला. पुसता पुसता खूप रडले आणि खूप हसले. बाबांना काही कळेना, ते विचारत राहिले की काय झालं, काय म्हणाली ती. मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली, की काही नाही, आई मला रागावल्या.

भाऊजींना नमस्कार, राजनंदिनीला पापा. तुझा लोभ असाच असू दे. रागावशील तरी चालेल, आता मला सवय झाली.

तुझी,
यामू